साहेबांच्या मालिकेत कुणी मरत नाही

साहेबांच्या घरी पोलीस आले तेव्हा साहेब सासूच्या आवाजात सुनेला विष पाजत होते. खांदा कॉलनीतला तिसरा मजला, टळटळीत दुपार, गॅलरीचं दार सताड उघडं. शेजारी एक जोडपं नुकतंच राहायला आलं होतं. त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं की कुणी एक बाई म्हणतेय, पी मुकाट्याने, दूधच आहे ते, आणि दुसरी बाई रडतेय. मग कुठल्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. पोलिसांनी बेल वाजवली, दार मी उघडलं. आत पांढऱ्या दाढीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले, लुंगी नेसलेले एक गृहस्थ रिकामा पेला हातात धरून हुंदके देत उभे होते. हवालदाराने विचारलं, बाया कुठे आहेत? साहेबांनी डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाले, "दोन्ही मीच."

पुढचा अर्धा तास साहेबांनी हवालदाराला चहा पाजून अख्खा सीन पहिल्यापासून करून दाखवला. हवालदार टोपी मांडीवर ठेवून ऐकत बसला. निघताना चपला घालता घालता त्याने हळूच विचारलं, की घरी बायको ही मालिका बघते, तेव्हा आतल्या गोटातलं जरा सांगा, सून मरते का? साहेबांना हा प्रश्न अपमानासारखा लागला. म्हणाले, "माझ्या मालिकेत कुणी मरत नाही."

साहेब म्हणजे मराठी दैनंदिन मालिका लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि स्वतःच निर्माण करणारे गृहस्थ. मी त्यांच्याकडे संवादलेखिका होते. म्हणजे पडद्यावर नावापुढे तसं यायचं. प्रत्यक्षात साहेब लिहीत नसत, करून दाखवत. खोलीत येरझाऱ्या घालत एकेका पात्राच्या आवाजात बोलत सुटत आणि मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागे धावत असे. सासू बोलताना ते डाव्या खांद्यावर नसलेला पदर सावरत. थोरल्या मुलाचं बोलायचं झालं की लुंगी आवळून बांधत. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आले. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, उरणहून एसटीने येत होते, आणि हा साठीचा माणूस मला 'अहो बाई' म्हणतोय याचं मला फार हसू यायचं. पुढे सवय झाली. आता कुणी नावाने हाक मारली तर मीच मागे वळून दुसरी कुणी आहे का ते बघते.

कुणी मरत नाही हा साहेबांचा नियम आमच्या धंद्यात शुद्ध वेडेपणा होता. मालिकेचा टीआरपी घसरला की पहिला उपाय म्हणजे घरातलं एक माणूस उचलायचं. एक मरण पुरवून पुरवून वापरलं की दीड आठवडा निघतो. साहेब मात्र कुणाला हात लावू देत नसत. नकोशी झालेली पात्रं ते बाहेरगावी पाठवत. कुणी दुबईला गेलं, कुणी आश्रमात, एका मावशीला त्यांनी नर्मदा परिक्रमेला लावून दिलं. त्यांच्या जुन्या मालिकेतला एक खलनायक करंजाच्या बंदरातून होडीत बसला, तो अजून समुद्रातच आहे. मी एकदा विचारलं, साहेब, त्याला बुडवला का नाहीत? तर म्हणाले, की बुडवला असता तर तो नट दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. होडीत आहे म्हणजे कधीही परत येऊ शकतो, फोनची वाट बघायला त्याला कारण आहे. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी टाइप करत असलेलं वाक्य तसंच अर्धवट राहिलं.

दुसरा नियम शुक्रवारचा. साहेब बेने इस्रायल. कोकणातल्या मराठी ज्यूंची घरं पनवेलला नवी नाहीत, इथे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चॅनेलला मात्र दर वेळी समजावावं लागे. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी तारे दिसेपर्यंत साहेब काम करत नसत. फोन बंद, दिव्याच्या बटणालाही हात लावायचे नाहीत. सेटवरच्या सगळ्यांना शुक्रवारचा सूर्यास्त पाठ असे. आमचे मेकअपवाले रशीदभाई शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे, साहेब संध्याकाळी घर गाठायचे, नायिकेचा कधी गुरुवार असायचा, कॅमेरामनची संकष्टी. चॅनेलच्या मॅडमनी एकदा हात जोडून विचारलं, की तुमच्या युनिटमध्ये सगळे जण एकाच वेळी जेवतात आणि एकाच वेळी काम करतात असा एखादा वार आहे का? साहेबांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, मंगळवार बघू.

साहेबांची मुलगी आणि मुलगा दोघंही इस्रायलला स्थायिक झालेले. नातेवाइकांतले बरेचसे केव्हाच तिकडे गेले. सभास्थानात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला हल्ली पेण-अलिबागपर्यंत फोन करावे लागतात अशी तक्रार साहेब वरचेवर करत. मुलं दर वर्षी बोलवायची, तिकिटं काढतो म्हणायची. साहेबांचं उत्तर ठरलेलं. तिकडे येऊन मी कुणाच्या सासूबद्दल लिहू? मंगळागौर, डोहाळजेवण, हळदीकुंकू हे प्रसंग ते असे काही रंगवायचे, की बघणाऱ्या बायका काकूंना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, जिन्यात गाठून विचारायच्या की तुमच्याकडे गौरी कुठल्या, खड्यांच्या की मुखवट्यांच्या? काकू म्हणायच्या, आमच्याकडे गौरी नाहीत, फक्त शंकर आहे, आणि तो आत बडबडतोय.

मालिकेचा रोग साहेबांच्या अंगात इतका भिनला होता, की कुठलीही गोष्ट ते पूर्ण सांगत नसत. ऐन रंगात आणून थांबायचे. काल बिल्डिंगमध्ये मोठा तमाशा झाला, दार उघडलं तर समोर कोण उभं, असं म्हणायचे आणि उठून हात धुवायला जायचे. बाकीचं उद्या. डॉक्टरांनाही सोडलं नाही. छातीत दुखतं, पण नेमकं कधी दुखतं हे ऐकलंत तर चकित व्हाल, असं म्हणून ते खुर्चीवरून उठले. डॉक्टरांनी दंडाला धरून खाली बसवलं आणि कार्डिओग्राम काढला. दुखायचं ते चॅनेलचा फोन आल्यावर, एवढंच निघालं.

आता नाना. ज्या मालिकेबद्दल मी सांगतेय तिच्यात नाना आजोबांचं काम करायचे. आयुष्यभर नाटकात काढलेला माणूस. जुन्या पनवेलमध्ये भाचीकडे राहायचे. साहेबांच्या पहिल्या मालिकेपासून ते साहेबांच्या प्रत्येक मालिकेत होते आणि पहिल्या दिवसापासून दोघांचं भांडण होतं. नाना साहेबांच्या संवादांना वाण्याची यादी म्हणायचे. साहेब नानांना म्हणायचे, तुला तीच वाचायला येत नाही त्याला मी काय करू? आमचं शूटिंग आपट्याला, पाताळगंगेच्या काठच्या एका बंगल्यात चालायचं. दोघं एकाच गाडीतून यायचे आणि गाडीतून उतरताना दोघांचीही तोंडं फुगलेली असायची. दुपारी मात्र नाना पोळीचा पहिला तुकडा साहेबांच्या डब्यातल्या मटणाला लावल्याशिवाय खायचे नाहीत.

मग नाना विसरायला लागले. आधी पात्रांची नावं चुकली. सून समोर उभी आणि हे तिला तीन मालिकांपूर्वीच्या सुनेच्या नावाने हाक मारताहेत. आम्ही हसलो, तेही हसले. पुढे वाक्यं अर्ध्यात तुटायला लागली. रीटेकवर रीटेक. नाना मान खाली घालून बसायचे आणि म्हणायचे, जरा पाणी द्या, येतंय, येतंय. ते येत नसे. माणसं, चेहरे, कुणाच्या मुलाची परीक्षा कधी, सगळं लक्षात, फक्त पाठ केलेलं राहत नव्हतं. नटाच्या बाबतीत असं व्हावं याच्याइतकं वाईट काही नाही. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

चॅनेलच्या मॅडम आल्या. वयाने माझ्याहून लहान, स्वभावाने चांगल्या. त्यांनी साहेबांना बाजूला घेऊन अगदी हळुवारपणे सांगितलं, "सर, आजोबांचा ट्रॅक संपवूया ना. हार्ट अटॅक. एकदम सॉफ्ट, झोपेतच. ग्रेसफुल एक्झिट देऊ आपण त्यांना."

तो शुक्रवार होता. ते घड्याळ बघून घरी निघून गेले आणि शनिवारभर फोन बंद. काकू पुढे मला सांगत होत्या, की त्या शनिवारी ते जेवले नाहीत नीट, नुसते गॅलरीत बसून होते. भाचीच्या घरात नानांना दिलेली अंधारी मधली खोली साहेबांनी बघितली होती. नाना तिथे दिवसभर बसले तर सहा महिन्यांत संपतील, असं ते काकूंना म्हणाले. रविवारी सकाळी मला फोन. "बाई, टाइप करा. आजोबांनी मौन धरलंय."

ही युक्ती मला आजही थोर वाटते. घर मोडेल असं काहीतरी गुपित आजोबांना कळलंय, तोंडातून ते निसटू नये म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. झालं. नानांना एक शब्दही पाठ करायचा नव्हता. झोपाळ्यावर बसायचं आणि ऐकायचं. सासू येऊन त्यांच्यापाशी रडायची, सून येऊन रडायची, थोरला यायचा, धाकटा यायचा, खलनायिकासुद्धा आजूबाजूला कुणी नाही असं बघून आपलं पाप त्यांना सांगून जायची. न बोलणाऱ्या माणसाजवळ कुणीही काहीही बोलतं. आणि नाना ऐकायचे कसे! झोपाळा नुसता थांबवायचे आणि समोरचा नट सीनमधलं नसलेलंही बोलायला लागायचा. मालिका वर गेली. मॅडमनी केक पाठवला.

अख्खं पनवेल एकच विचारत होतं. करंजाची एक कोळीण काकूंकडे मासे घालायला यायची. खवल्यांचेच मासे आणायची, कोळंबी त्या घरात चालत नाही हे तिला माहीत होतं. ती पाटी उतरवायच्या आधी साहेबांना हाक मारायची. "साहेब, म्हातारा बोलनार कवा? आमी जाळी शिवायची टाकून टीवीसमोर बसतो. काय हाय तरी काय त्याच्या पोटात? मना सांग, मी कोनाला बोलनार नाय." साहेब गूढ हसायचे आणि पापलेटाचा भाव विचारायचे. मी त्यांची लेखिका, मला तरी कळावं, म्हणून मी एकदा खनपटीलाच बसले. गुपित काय आहे? साहेब म्हणाले, "मला काय माहीत? मीपण वाटच बघतोय." मला वाटलं, थट्टा करताहेत. ती थट्टा नव्हती.

घात केला तो यशानेच. चॅनेलने साहेबांना न विचारता जाहिरात केली. पनवेल एसटी स्टँडसमोर नानांचा दोन माणसं उंच फोटो लागला आणि खाली मोठ्या अक्षरांत, आजोबा बोलणार. मी आणि साहेब रिक्षातून जात होतो, साहेबांनी रिक्षा थांबवली. खाली उतरून बराच वेळ वर बघत राहिले. आधी म्हणाले, नान्याचा फोटो चांगला आलाय. आणि मग तिथेच फुटपाथच्या कडेला बसले.

मॅडमनी फोनवर सगळं स्पष्ट केलं. एक तासाचा खास भाग. आजोबा एक पानभर बोलतील आणि गुपित फोडतील. नानांना जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरे नट तयार ठेवलेत. अपघात, प्लास्टिक सर्जरी, पट्ट्या सुटल्या की नवे आजोबा. साहेबांनी विचारलं, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची प्लास्टिक सर्जरी? मॅडम म्हणाल्या, सर, ऑडियन्स घेते. आणि ऑडियन्स खरंच घेते. म्हणजे एक पान नानांच्या तोंडून निघालं तर नाना राहणार, नाहीतर जाणार.

पुढचे दिवस आम्ही सगळ्यांनी वेड्यासारखे काढले. नानांच्या कानात छोटं यंत्र घालून बघितलं, मी दुसऱ्या खोलीतून वाक्य सांगायची. नाना भर सीनमध्ये म्हणाले, जरा मोठ्याने बोल गं, पंखा चालू आहे. पान मोठ्या अक्षरांत छापून नायिकेच्या पदरामागे लावलं, तर मालिकेतल्या आजोबांना चष्मा नव्हता, आणि चष्म्याशिवाय नानांना पदरसुद्धा दिसेना. आवाज नंतर भरू, असं कुणीतरी सुचवलं. साहेब त्याच्यावर असे धावून गेले की तो दिवसभर त्यांच्यासमोर आला नाही. नानाचा आवाज नानाच्याच तोंडून येईल, म्हणाले. रोज संध्याकाळी नाना खांदा कॉलनीत यायचे आणि दोघं गॅलरीत बसून ते पान घोकायचे. साहेबांनी अखेर एक गुपित शोधून काढलं होतं. थोरला मुलगा आजोबांचा नाही, नदीच्या पुरात सापडलेला आहे, असं काहीतरी. पान मात्र चांगलं उतरलं होतं. साहेबांनी इतकं साधं कधी लिहिलं नव्हतं. नाना पहिल्या तीन ओळी सुरेख म्हणायचे आणि चौथीला थांबायचे. मग साहेब चौथी सांगायचे आणि नाना पहिली विसरायचे.

साहेबांच्या स्वयंपाकघरात एलियाहू हन्नाबींची, म्हणजे त्यांच्या प्रेषिताची, तसबीर आहे, अग्निरथात बसून स्वर्गाला जाणारे. एका संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेले तर साहेब तसबिरीसमोर डोळे मिटून उभे होते. काकू पोळ्या लाटता लाटता थांबल्या होत्या. नाना बोलू दे, मलिदा करीन, असा नवस बोलून साहेब बाहेर गेले. मलिदा म्हणजे काय ते काकूंनीच मला सांगितलं. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ, वेलची, बदाम, वर फळं रचायची, दहा जण जमवून प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं. त्यांच्यात नवस फेडायचा तो असा. काकूंना मात्र ते पटलं नव्हतं. सीरियलसाठी कुणी हन्नाबींना साकडं घालतं का, असं त्या मोठ्यांदा म्हणाल्या. बाहेरून साहेबांचा आवाज आला, "सीरियलसाठी नाही गं. नान्यासाठी."

शूटिंगच्या दिवशी आपट्याला मॅडम स्वतः आल्या, बरोबर चॅनेलचे आणखी दोघं. रशीदभाईंनी नानांच्या चेहऱ्याला पावडर लावली, काहीतरी पुटपुटत हलकेच फुंकर मारली आणि म्हणाले, "नाना, अल्लाचं नाव घ्या अन् आरामात बोला. घाई कुणाला हाये?" नाना झोपाळ्यावर बसले. सगळं कुटुंब समोर हात बांधून उभं. साहेब मॉनिटरकडे न बसता कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभे राहिले, नानांना दिसतील असे. त्यांचे ओठ हलत होते. अख्खं पान ते मनात म्हणत होते.

अॅक्शन झालं. नाना गप्प. नानांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, सासूकडे, सुनेकडे, थोरल्याकडे, अगदी सावकाश. मला दिसत होतं की पहिली ओळसुद्धा निघून गेलीय. नानांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांचे हलणारे ओठ बघितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती एकदम ओसरली. झोपाळा थांबवून ते समोरच्या सगळ्यांना म्हणाले, "जेवलात का सगळे?"

कुणी हललं नाही. नाना म्हणाले, "उभे काय राहिलात? बसा. आधी जेवून घ्या. बाकीचं काय, होत राहील."

सुनेचं काम करणारी मुलगी खाली बसली आणि हमसून रडायला लागली. तिचे वडील नुकतेच गेले होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सासूने तिला जवळ घेतलं, ते सीनमध्ये नव्हतं. साहेब कट म्हणायला विसरले. कॅमेरा चालूच राहिला आणि नाना सगळ्यांकडे असे बघत होते, जणू पानं वाढायची राहिलीत. बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले, ओके.

मॅडम डोळे पुसत आल्या आणि म्हणाल्या, सर, अमेझिंग होतं, पण सीक्रेट कुठे आहे? रीटेक करू. रीटेक केला. नानांनी पुन्हा जेवलात का विचारलं, आणि थोरल्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा जेवला नाहीये, मला ठाऊक आहे. तो नट तेव्हा खरोखरच वजन कमी करायला उपाशी राहत होता. तिसरा टेक साहेबांनी घेऊ दिला नाही. म्हणाले, "इतके महिने गप्प राहिलेला म्हातारा तोंड उघडेल तेव्हा हेच बोलेल. मी लिहिलं होतं ते चुकीचं होतं."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, बोलले का नाना? साहेब म्हणाले, बोलला. लिहिलेलं बोलले? साहेब म्हणाले, "मी नवसात बोलू दे एवढंच म्हटलं होतं. मजकूर दिला नव्हता." रविवारी मलिदा झाला. दहावा माणूस अलिबागहून यायचा होता, त्याची गाडी पेणला पंक्चर झाली, प्रार्थना उशिरा सुरू झाली आणि रशीदभाईंसकट अख्खं युनिट पोह्यांच्या परातीकडे बघत भुकेलं बसलं. नाना दोनदा म्हणाले, आज मी विचारणार नाही, मलाच कुणीतरी विचारा.

तो भाग लागला त्या रात्री अर्धं पनवेल रडलं आणि उरलेल्या अर्ध्याने साहेबांना शिव्या घातल्या. कोळीण म्हणाली, "येवढ्यासाठी थांबलो व्हय आमी?" पण तीही पदराला डोळे पुसत होती. नानांना काढायची भाषा पुन्हा कुणी केली नाही. पण गुपित फुटलं नाही म्हणजे ते नव्हतंच, हे लोकांना कळलं आणि मालिका उतरायला लागली. थोड्याच आठवड्यांत चॅनेलने ती बंद केली. शेवटच्या भागात सगळे सुखरूप होते, मावशीसुद्धा परिक्रमेहून परतल्या. पुढे साहेबांना काम मिळालं नाही. नव्या मुलांना कथेचा पुढच्या वर्षापर्यंतचा आराखडा आधी लागतो. साहेबांना उद्या काय होणार हे आज कधीच माहीत नसायचं. मला मुंबईत दुसरीकडे काम मिळालं आणि खांदा कॉलनीला जाणं कमी कमी होत गेलं.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शूटिंग चालू होतं. गॅलरीत आपट्याच्या सेटवरचा तो झोपाळा, झोपाळ्यावर आजोबांच्या धोतर-कोटात नाना, चेहऱ्याला पावडर. समोर स्टँडवर मोबाईल आणि मोबाईलमागे साहेब. पाठीला बाक आला होता, आवाज तोच. मला बघताच म्हणाले, "बाई, बरं झालं आलात. तिथे उभ्या राहा, तुम्ही दुबईहून आलेली नात." मी पर्स खांद्याला तशीच ठेवून नात झाले. नानांनी डोक्यावर हात ठेवून, प्रवास कसा झाला, असं विचारलं. सीन संपल्यावर साहेबांनी मला स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, की नानाला मालिका बंद झाल्याचं माहीत नाही. रोज सकाळी गाडी पाठवतो, संध्याकाळी सोडतो. एकदा तो त्या मधल्या खोलीत बसला की संपलं. तुम्ही चुकून बोलू नका. साहेबांचे डोळे भरले होते. माझेही भरले. इतका हट्टी, इतका चांगला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

साहेब उद्याच्या सीनबद्दल काकूंशी वाद घालायला थांबले. मी गॅलरीत येऊन नानांजवळ बसले आणि लहान मुलाशी बोलावं तशी मोठ्यांदा विचारायला लागले, काय नाना, शूटिंग कसं चाललंय?

नानांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हळू बोल पोरी. मालिका केव्हाच बंद झाली, ते मला ठाऊक आहे. एसटी स्टँडवरचा माझा फोटो काढून तिथे प्रेशर कुकर लावलाय, भाचीने दाखवला."

मग रोज कशाला येता, असं मी हळूच विचारलं.

"मी आलो नाही तर हा माणूस दिवसभर करेल काय?" नाना म्हणाले. "पोरं तिकडे. काम बंद. त्याचं ऐकून घ्यायला आहे कोण? तू त्याला सांगू नकोस हां. त्याला वाटतं मला काही कळत नाही. वाटू दे."

तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि सायलेन्स म्हणून ओरडले. गॅलरीत आम्ही तिघंच होतो, तरी मी गप्प झाले. साहेबांनी नानांना वाक्य सांगितलं. साधंसं, चार शब्दांचं. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "डोक्यात शिरत नाही रे. एकदा नीट करून दाखव बघू." साहेब खुशीत आले, लुंगी आवळून बांधली आणि अख्खा सीन पहिल्यापासून करून दाखवायला लागले.